निरंक

आमच्या गावात पन्नाशीच्या पुढची निम्मीअधिक माणसं १ जूनला जन्मलेली आहेत. निदान कागदावर तरी. पूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे. बाप सांगायचा, "दुष्काळ पडला त्याच्या दुसऱ्या साली, पोळ्याच्या आगंमागं." पोळ्याच्या आगंमागं असा रकाना शाळेच्या रजिस्टरात नसतो. मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून घेऊन पलीकडच्या कानाला लागतो का ते बघायचे. लागला की सहा वर्षं धरायची आणि १ जून टाकून द्यायचा. माझ्या वडिलांची जन्मतारीख अशीच ठरली. आई शाळेतच गेली नाही, त्यामुळं तिच्या वाट्याला १ जूनही आला नाही. तिच्या आधारकार्डावर १ जानेवारी आहे.

माणसाचं वय कागद ठरवतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण एखाद्या पोरीचं वय कागदावर चार वर्षांनी वाढवलं तर तिचं काय काय कमी होतं, हे समजायला मला समाजकार्याची पदवी घेत घेत पुन्हा आमच्याच डोंगरात यावं लागलं.

एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला असताना, नोव्हेंबर २०२३ मध्ये, मी पुण्यातल्या एका संस्थेत सहा महिन्यांसाठी इंटर्न म्हणून लागले. महिना सहा हजार मानधन आणि एसटीचं भाडं. संस्थेचं काम म्हणजे कायदे, योजना, शासन निर्णय वाचायचे, ते गावात कुठं अडतात ते बघायचं आणि सरकारपुढं बदलाची मागणी मांडायची. याला कुणी पैरवी म्हणतं, कुणी जनवकिली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी वकिलीन झालीस का?"

"नाही गं. कायदा कसा असावा ते सरकारला सांगायचं."

"आन् सरकार ऐकतंय?"

मला दिलेला विषय होता अठराच्या आत आई झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मुली. हे ऐकून तर आई हसलीच. "त्याला पुण्याला कशाला जायला लागतं? घरातच इचार की. तुझ्या भावाच्या टायमाला मी सोळाची व्हते."

आमचा भाग बालाघाटच्या डोंगरातला, बीड जिल्ह्याचा. दसरा-दिवाळी झाली की इथली गावं ओस पडायला लागतात. ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात ती पाडव्याच्या सुमाराला परत येतात. मुकादम जी उचल देतो ती जोडीवर देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि त्याला उचलही अर्धीच. म्हणून पोराचं लग्न झालं की "कोयता पुरा झाला" असं आमच्याकडं म्हणतात. ही झाली पोराच्या घरची बाजू. पोरीच्या घरची बाजू अशी, की आई-बापानं सहा महिने फडात जायचं तर वाढती पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? सातवीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावाला, एसटी येईल तेव्हा येईल. हंगामी वसतिगृहं आहेत, पण थोरल्या पोरींना तिथं ठेवायला आई-बापांचा जीव धजत नाही. मग उन्हाळ्यात, टोळ्या गावात असतानाच, लग्न उरकून टाकायचं.

मी सुटले यात माझं कर्तृत्व काही नाही. माझी आजी म्हातारपणामुळं फडात जात नव्हती, ती घरी होती. मी नववीत असताना एक स्थळ आलं. आजीनं ओसरीवर बसून सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरीला हात लावला तर मी स्वतः पोलिसात जाईन." तिला कायद्याचं कलम माहीत नव्हतं. पण असा काहीतरी कायदा आहे एवढं ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर पाहुणे चहा न घेता उठले. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यावरून मी कायद्याच्या विरोधात आहे असं कुणाला वाटू नये.

कामाच्या पहिल्या महिन्यात मला एक तक्ता भरायचा होता. त्यासाठी डोंगरातल्या एका आरोग्य केंद्राला आम्ही पत्र दिलं होतं: गेल्या वर्षभरात तुमच्याकडं १८ वर्षांखालील किती गरोदर मातांची नोंद झाली? उत्तर आलं. बारा महिन्यांचे बारा रकाने आणि प्रत्येकात एकच शब्द : निरंक.

निरंक हा सरकारी मराठीतला फार देखणा शब्द आहे. शून्य म्हटलं की कुणीतरी मोजून बघितल्यासारखं वाटतं. निरंक म्हटलं की मोजायची वेळच आली नाही असं वाटतं.

आता याच जिल्ह्याचा दुसरा आकडा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं होतं, लग्न झालं तेव्हा वय काय होतं? राज्यात शंभरातल्या २१.९ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड जिल्ह्यात ४३.७ जणींचं. राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींत त्या वेळी आई झालेल्या किंवा पोटुशी असलेल्या ७.६ टक्के होत्या. घरी आलेल्या सर्वेक्षणवाल्या बाईला बायका खरं सांगतात, कारण तिच्या मागोमाग पोलिसाची गाडी येत नाही. दवाखान्यातल्या रजिस्टराचं तसं नाही. त्या रजिस्टरातला वयाचा रकाना मी बोट लावून वाचत गेले. १९, १९, २०, १९, १९, १९.

तिथल्या आशाताई माझ्या आईच्या वयाच्या. त्यांना विचारलं तर आधी हसल्या, मग दार लोटून घेतलं.

"ताई, एकदा मी खरं लिव्हलं व्हतं. पोलिस आले, पोराला घेऊन गेले. पोरगी सातव्या महिन्यात. सासरचे म्हनले, हिच्यामुळं आमचा पोरगा आत गेला, जा आता म्हायेरी. म्हायेरचे फडात. मला सांगा, त्या पोरीचं मी भलं केलं का वाईट? त्या दिवसापासून निम्म्या घरांनी मला दारात उभं केलं न्हाई. पोरी दवाखान्यात यायच्याच बंद झाल्या. एकोणीस लिव्हलं तर निदान लाल गोळी तरी पोटात जाती."

आशाताईंच्या भीतीला आधार आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अठराच्या आतलं प्रत्येक माणूस बालक ठरतं आणि त्याच्याशी आलेला शरीरसंबंध गुन्हा ठरतो. बालकाची संमती तिथं धरली जात नाही. असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणं सगळ्यांवर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अठराखालच्या बायकोलाही हे संरक्षण दिलं. निर्णय योग्यच होता, लग्नाच्या नावाखाली लेकराच्या अंगाशी काहीही करायची मुभा कुणाला असू नये. पण त्यामुळं दवाखान्याच्या दारात पंधरा वर्षांची गरोदर मुलगी उभी राहिली की ती पेशंट होण्याआधी पुरावा होते. मग तिला आणणारी सासू, तपासणारी नर्सबाई, नोंद करणारी आशा, सगळ्यांनी मिळून काही न बोलता एक तोडगा काढलेला असतो. एकोणीस. त्या आकड्यानं सगळे सुरक्षित राहतात. जिचं वय वाढवलं ती सोडून.

तिला मी डिसेंबरात भेटले. तिचं नाव, गाव इथं लिहीत नाही. नववी पास होऊन मे महिन्यात लग्न झालेलं. एरवी आमच्याकडच्या बायका सातव्या-आठव्या महिन्यातही फडात मोळ्या वाहतात. हिचं रक्त फारच कमी भरलं म्हणून टोळीबरोबर नेली नव्हती. नवरा अर्ध्या कोयत्यावर गेला होता आणि ही आजेसासूजवळ वस्तीवर राहिली होती. हिमोग्लोबिन साडेसात. पाय सुजलेले. कार्डावर वय १९. शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल २००८.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. मी तिच्यासोबत गेले. डॉक्टरांनी कार्ड बघितलं, मग तिचा चेहरा बघितला, मग पुन्हा कार्ड बघितलं. विचारलं काही नाही. विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं. एकोणिसाव्या वर्षाचं बाळंतपण आणि पंधराव्या वर्षाचं बाळंतपण यांत फार अंतर असतं. पंधराव्या वर्षी पोरीचं स्वतःचंच अंग वाढत असतं, कमरेची हाडं पुरती भरलेली नसतात, बाळ आणि आई एकाच ताटातलं खात असतात. रक्तदाब चढायचा, झटके यायचा, बाळ लवकर आणि हलकं व्हायचा धोका जास्त. हे सगळं डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण समोरच्या कार्डावर ती पंधराची नव्हतीच.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिला कळा आल्या, त्या दिवसांच्या आधीच. एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, असं करत मुलगा झाला. एक किलो नऊशे ग्रॅम. दोघं वाचली. आजेसासूनं तीन दवाखान्यांत तीन वेळा वय सांगितलं, तिन्ही वेळा एकोणीस. तिसऱ्या ठिकाणी तर विचारायच्या आधीच.

मग पैशाचा प्रश्न आला. पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून दोन हप्त्यांत पाच हजार रुपये मिळतात. त्या फॉर्मला आधार लागतं. तिचं आधार शाळेत असताना काढलेलं, म्हणजे जन्मतारीख खरी. अठरा पूर्ण नसलेली आई त्या योजनेत बसत नाही. म्हणजे पोलिसांसाठी ती एकोणीसची आणि पैशासाठी पंधराची. जिला तूप-खोबरं, अंडी, दूध यांची सगळ्यात जास्त गरज तिलाच ते पैसे नाहीत. यामागचा हिशोब मला समजतो. लहान वयात लग्न लावणाऱ्यांना सरकारनं बक्षीस द्यायचं का, असा तो आहे. पण लग्न बाप लावतो, आणि पैसे अडतात ते बाळाच्या आईचे.

बाळ महिन्याचं झालं तेव्हा तिला मी कायद्यातली एक गोष्ट सांगितली. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणं लहानपणी लागलेलं लग्न मुलीला कोर्टातून रद्द करून घेता येतं, अठरा पूर्ण झाल्यावरही दोन वर्षांपर्यंत. पोटगी मागता येते. लग्न रद्द झालं तरी मूल औरसच राहतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. पाळणा हलवायची दोरी हातातच होती.

"आन् मंग राहू कुठं, ताई?"

या प्रश्नाचं कलम माझ्या फाईलीत नव्हतं.

थोड्या वेळानं तिनंच वेगळं विचारलं. "सतरा नंबरचा फॉर्म मला भरता येईल का?" सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसायचा अर्ज. लग्न झालेली, लेकरू असलेली मुलगी तो भरू शकत नाही असं कुठल्याही नियमात नाही. फक्त शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आणि तो दाखला आजेसासूनं ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांच्या खाली दडवून ठेवला होता.

"त्यो कागद भायेर निघाला तर माजा नातू आत जातो," म्हातारी मला म्हणाली. "एकोणीसवाला कागद अन् पंधरावाला कागद, दोन्ही एका टेबलावर यायला न्हाई पायजेत."

आमच्या संस्थेत धोरणावर मोठमोठ्या बैठका होत, पण या प्रश्नाची इतकी नेमकी मांडणी मी कुठंच ऐकली नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबईत अधिवेशन होतं. त्याआधी आमदारांना द्यायची दोन पानांची टिपणी आणि एका तारांकित प्रश्नाचा मसुदा लिहायचं काम माझ्याकडं होतं. आमच्या मॅडम म्हणाल्या, नुसते आकडे नकोत, एखाद्या मुलीची गोष्ट घाल. मी लिहायला बसले. डोंगरावरची वस्ती लिहिली आणि खोडली, कारण तशी वस्ती त्या गावाला एकच. बाळाचं वजन लिहिलं, खोडलं. नववी पास खोडलं. आजेसासू खोडली. शेवटी उरलं, "ग्रामीण भागातील एक अल्पवयीन माता". रजिस्टरात निरंक लिहिणाऱ्या हातालाही कुणाला तरी झाकायचंच असतं, हे त्या रात्री कळलं.

मागण्या मात्र मी एकही खोडली नाही. पहिली, गरोदर मुलीचं वय काहीही असो, आधी उपचार आणि खरं वय लिहिण्याची मोकळीक. याला थोडा आधारही आहे. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अल्पवयीन मुलीचा गर्भपात करताना तिनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव सांगायची गरज नाही. आमचं म्हणणं एवढंच होतं, की जी गर्भपात करते तिची ओळख झाकता येते, तर जी बाळ ठेवते तिचीही झाकता यावी. दुसरी मागणी, मातृवंदनेतली वयाची अट काढा. तिसरी, सतरा नंबर भरणाऱ्या मुलींना गावातल्या शाळेनं स्वतःहून मदत करावी आणि दिवसाचे चार तास बाळ ठेवायला पाळणाघर असावं. चौथी, थोरल्या मुलींसाठी विश्वासानं ठेवता येतील अशी हंगामी वसतिगृहं. ही चौथी मागणी माझ्या आजीची, असं मी मनात धरलं. घरी थांबणारी आजी सगळ्यांना नसते.

मंत्रालयात दुपारच्या पासच्या रांगेत उभं राहून आम्ही आत गेलो. एका साहेबांनी टिपणी शांतपणे वाचली. मग म्हणाले, "म्हणजे नोंद करा म्हणता आणि नावानिशी कळवू नका म्हणता. उद्या प्रत्येक बालविवाहवाला याच दारातून सुटेल. आणि घरातल्याच कुणी छळलेली पोर आली तर? तिचं कोण ऐकणार?"

प्रश्न खोटा नव्हता. अशाही पोरी असतात, आणि त्यांना पोलिसच लागतात. मॅडमनी उत्तर दिलं, की तिला कुणी एकटीला बाजूला बसवून विचारलं तरच ती बोलेल, आणि ती दवाखान्यात आली तरच कुणी विचारेल. आज भीतीनं ती येतच नाही, आली तर एकोणीसची होऊन येते. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आजीची गोष्ट सांगितली. म्हटलं, लग्नाच्या आधी कायदा ओसरीवर येऊन बसलाच पाहिजे. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, १०९८ हा नंबर आहे, ते सगळं तेव्हा जोरात चाललं पाहिजे. पण पोटात बाळ असताना तोच कायदा दवाखान्याच्या उंबऱ्यावर आडवा पडला, तर पोर उंबरा ओलांडतच नाही. साहेबांनी मान हलवली. होकारार्थी की कंटाळून, ते कळलं नाही. टिपणीची पोच मिळाली. तिच्यावर शिक्का आहे.

एप्रिलमध्ये माझी इंटर्नशिप संपली. आई फडातून आली होती. तिनं विचारलं, "मंग, ऐकलं का सरकारनं?" मी म्हटलं, "वाचलं तरी." ती म्हणाली, "त्ये बी काय कमी न्हाई."

ऑगस्टात त्या मुलीचा फोन आला. सतरा नंबरचे फॉर्म सुटले होते. मी तालुक्याला गेले तर ई-सेवा केंद्राशेजारच्या फोटो स्टुडिओपुढं दोघी उभ्या. म्हातारीच्या कडेवर सहा महिन्यांचा नातवाचा मुलगा, आणि दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. फोटोपुरतं पोरीचं मंगळसूत्र काढून तिनं मुठीत धरलं होतं. पोरीनं दोन वेण्या घातल्या होत्या. दाखला म्हातारीनंच ट्रंकेतून काढून पदराला बांधून आणला होता.

"दवाखान्यातलं कार्ड घरी ठिवलंय," ती माझ्या कानाशी म्हणाली. "ह्या कागदाची अन् त्याची गाठ न्हाई पडायची."

आत गेलो. केंद्रातल्या पोरानं एकेक रकाना विचारत टाईप करायला सुरुवात केली. नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. मग तो म्हणाला, "जन्मतारीख?"

तिनं एकदा दाराकडं बघितलं. मग दाखल्याकडं न बघता, शाळेत हजेरीला बोलावं तशा आवाजात तिनं दिवस, महिना आणि २००८ हे साल सांगितलं. त्यानं मान वर न करता ते टाईप केलं आणि पुढचा रकाना विचारला.